चादर धुवायची नाही

माझी विहीण पडली स्वतःच्या घरात, स्वतःच्याच चपलेत पाय अडकून, आणि राहायला आली माझ्या घरी. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिने जिना चढायचा नाही. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. आमचं तळमजल्यावर, पुढे लॉन्ड्री आणि मागे चार खोल्या. सूनबाईने चाचरत विचारलं, "आई, माझ्या आईला इथे आणलं तर चालेल?" मी म्हटलं, "चालेल काय विचारतेस, आणायलाच पाहिजे." हे मी मनापासून म्हटलं होतं. पुढचं सगळं पुढे झालं.

तिला नातीची खोली दिली, कारण त्या खोलीत सकाळचा उजेड येतो आणि संडास लगेच शेजारी आहे. नातीने स्वतःची गादी खाली अंथरली. मी पलंगावर नवी पांढरी चादर घातली आणि पांघरायला दुसरी दिली, निळ्या काठाची, माझ्या हातची, अशी इस्त्री केलेली की घडी उघडताना कागदासारखा आवाज यावा.

या निळ्या काठाच्या चादरीवरून पुढे सगळं घडलं.

नात फोटोग्राफी शिकते. शेवटचं वर्ष. लहान असताना ती मला कडकआजी म्हणायची आणि आईच्या आईला मऊआजी. सगळे हसायचे, मीही हसायचे. पोराने दिलेलं नाव असतं, त्यात काय रागवायचं. पण एकवीस वर्षांची झाली तरी ती तेच म्हणते, आणि आता मी हसत नाही.

फोटो म्हणजे काय ते मला तिने शिकवू नये. आमच्या दुकानात काउंटरच्या वर एकतीस फोटो आहेत. दुकान ज्या दिवशी उघडलं त्या तारखेला दरवर्षी एक. सगळं घर दुकानाच्या पायरीवर, उंचीप्रमाणे, खळ घातलेल्या कडक कपड्यांत. मी मधे. कोणाची कॉलर वाकडी दिसली तर मी फोटो थांबवते, कॉलर नीट करते, मग परत जागेवर जाते. आधी स्टुडिओवाला यायचा, आता समोरचा चष्मेवाला मुलाच्या फोनवर काढून देतो. माझा नवरा गेला त्या वर्षी मी त्याची जागा मोकळी ठेवली नाही. सगळ्यांना एकेक पाऊल आत सरकवलं. गिऱ्हाईक कपडे मोजून होईपर्यंत वर बघत उभं राहतं आणि म्हणतं, काय घर आहे तुमचं. हे ऐकायला मिळावं म्हणून कधीकधी मी कपडे सावकाश मोजते.

नात म्हणते, "आजी, हे फोटो नाहीत. ही हजेरी आहे."

"मग फोटो कसला असतो?"

"ज्यात माणूस सापडतं तो."

"आमची माणसं हरवलेली नाहीत," मी म्हटलं. ती हसली आणि तो विषय तिथेच राहिला.

तर विहीणबाई आल्या, आणि पाचव्या की सहाव्या दिवशी नातीने खोलीत तीन पायांच्या स्टँडवर तो मोठा जुना कॅमेरा लावला. रोज सकाळी आठच्या सुमारास ऊन पलंगावर येतं, तेव्हा एक फोटो. एकच. फिल्म महाग असते म्हणे, आणि एकच काढायचा म्हटलं की नीट बघावं लागतं. तिच्या कॉलेजात वर्षाच्या शेवटी प्रदर्शन असतं, प्रत्येकाला एकेक भिंत मिळते. हिच्या भिंतीवर मऊआजी. पहिल्या दिवसापासून चालत घरी जाईपर्यंत. आणि शेवटचा फोटो, सगळ्यांत मोठा, मऊआजी गेल्यानंतरचा. रिकामा पलंग आणि त्यावर ती निळ्या काठाची चादर, जशी तिने अंगावरून बाजूला सारली असेल तशी.

"म्हणून आजी, ती चादर धुवायची नाही," नात म्हणाली.

मला वाटलं आज धुवायची नाही.

"शेवटपर्यंत नाही. खालची बदल, उशीचा अभ्रा बदल, काय हवं ते बदल. पांघरायची तेवढी ठेव. तिच्यावर रोज वेगळ्या सुरकुत्या पडतात, डाग पडतात. ते सगळं मला शेवटच्या फोटोत हवंय."

मी लॉन्ड्रीवाली बाई. अर्ध्या वस्तीच्या चादरी माझ्या हाताखालून जातात. हॉटेलच्या, दवाखान्याच्या, नव्या जोडप्यांच्या. डाग बघून मी सांगते की चहा आहे की औषध, आणि कालचा आहे की परवाचा. आणि माझ्याच घरात, माझ्याच चादरीवर, चहा, मलम, बिस्किटाचा चुरा, आणि मी हात लावायचा नाही. मुलाला म्हटलं, "गिऱ्हाइकाला कळलं तर काय म्हणेल?" तो म्हणाला, "गिऱ्हाईक आतल्या खोलीत कशाला जाईल, आई?" मुलगा नेहमी अशीच उत्तरं देतो, ज्याच्या पुढे बोलता येत नाही आणि पटतही नाही.

पण खरं सांगायचं तर चादरीचं मला इतकं लागलं नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, बाईची काय ही शोभा. केस पिंजारलेले, तोंडात दात नाहीत, गाऊनचं वरचं बटण तुटलेलं. मी असते तर कॅमेरा फेकून दिला असता. मी एकदा दारातून बघितलं. विहीणबाई खिडकीकडे तोंड करून नुसत्या पडल्या होत्या. नात कॅमेऱ्यामागे वाकून उभी होती. काही बोलत नव्हती, काही सांगत नव्हती. हात इकडे, मान तिकडे, काही नाही. नुसती बघत होती. पाच मिनिटं झाली असतील. पोरगी माझ्याशी बोलताना एका डोळ्याने फोन बघते, जेवताना फोन बघते, आणि इथे पाच मिनिटं डोळा हलवत नव्हती. मग एक बारीक खटका झाला आणि ती म्हणाली, "झालं, मऊआजी. थँक यू."

त्या दिवशी मी चार शर्टांच्या बाह्यांना दोन दोन घड्या पाडल्या. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मग मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी सकाळी आठला त्या खोलीत जाऊन बसायला लागले. खिडकीजवळच्या खुर्चीवर. केस मोकळे, जुना गाऊन, हातात टॉवेल. टॉवेलची घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. चेहरा असा की मला कोणी बघतंय हे मला ठाऊकच नाही. विहीणबाई पलंगावरून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "टॉवेल फार हट्टी दिसतोय."

"हो ना," मी म्हटलं. "नवीन आहे."

नात आली, स्टँड लावला, कॅमेऱ्यात डोळा घातला, आणि तसाच ठेवून म्हणाली, "आजी, जरा सरक ना. उजेड अडतोय."

मी सरकले. मग दुकानात गेले आणि परत त्या वेळी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही.

बेचाळीस सकाळी झाल्या. मी मोजत होते. बेचाळिसाव्या दिवशी दुपारी नातीच्या मॅडम घरी आल्या, फोटो बघायला. उंच बाई, केस मुलासारखे कापलेले, अंगात इस्त्री न केलेला सुती शर्ट. जेवणाच्या टेबलावर नातीने बेचाळीस फोटो मांडले, त्या सकाळचासुद्धा, घाईघाईने छापून आणलेला. मॅडम एकेकापुढे थांबत होत्या. एकाही फोटोला छान म्हणाल्या नाहीत. मला बरं वाटायला लागलं होतं. मग शेवटच्याशी पोचल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढं जवळ कसं जाऊ दिलं त्यांनी तुला?"

जाताना त्या दुकानातून गेल्या. काउंटरवरच्या एकतीस फोटोंकडे मान वर करून बघितलं. मी सरळ उभी राहिले.

"छान आठवणी आहेत," त्या म्हणाल्या, आणि पायरी उतरून गेल्या.

छान. बेचाळीस बोळक्या तोंडांना डोळ्यांतलं पाणी, आणि माझ्या एकतीस वर्षांना छान.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंना तपासणीला न्यायचं होतं. लवकरचा नंबर होता, म्हणून त्या दिवशीचा फोटो आल्यावर काढायचं ठरलं. मुलगा, सून आणि नात तिघंही बरोबर गेले. गाडीचा आवाज गेला. मी त्या खोलीत गेले आणि पलंगावरून ती चादर उचलली.

मला कळत होतं मी काय करतेय. राग आला की माणसाचे हात थरथरतात म्हणतात, माझे थरथरत नाहीत, माझे हात रागात जास्त नीट चालतात. डाग आधी ओले केले. चहाच्या डागाला सोडा लावून ठेवला, मलमाच्या डागावर साबण घासला. मग गरम पाणी, मग गार, मग नीळ. पिळून वाफेच्या इस्त्रीखाली घातली. एकेक सुरकुती मी माझ्या हाताने मोडली. बेचाळीस दिवसांच्या सुरकुत्या असतील तर तेवढ्या. आठ पदरी घडी घातली, काठावर काठ आणला, आणि पलंगाच्या पायथ्याशी नेऊन ठेवली. दवाखान्याच्या साहेबांसाठीही मी इतकी चांगली धुतलेली नाही.

ते साडेदहाला परत आले. नात पुढे आली, खोलीच्या दारात थांबली. आरडाओरडा केला असता तर मी तयार होते. वाक्यं मनात रचून ठेवली होती, आरोग्याची, स्वच्छतेची, ऑपरेशनच्या जखमेची. ती नुसती आत आली. चादरीजवळ गेली आणि घडीवर तळहात ठेवला. चादर अजून कोमट होती.

मागून वॉकरचे पाय टकटक वाजत आले. विहीणबाईंनी पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाल्या, "मीच सांगितलं गं त्यांना धुवायला. वास मारत होती."

"तू?" नात वळली. "तुला माहीत होतं ना, मऊआजी. सगळं माहीत होतं तुला."

"माहीत होतं. पण नाकाला कुठे माहीत असतं."

नातीने कॅमेरा स्टँडवरून काढला, स्टँडचे पाय मिटले आणि सगळं कपाटात ठेवून दिलं. त्या दिवशीचा फोटो झाला नाही, दुसऱ्या दिवशीचाही नाही. मऊआजीशी ती बोलेनाशी झाली. गोळ्या हातात द्यायची, पाणी द्यायची, आणि तोंड फिरवायची.

मला आनंद व्हायला हवा होता. दोन दिवस मी वाट बघितली आनंदाची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले आणि दार लोटून घेतलं.

"विहीणबाई, खोटं का बोललात?"

"चहात साखर घातलीत ना?"

"घातली. का बोललात?"

त्यांनी घोट घेतला. "दहा-बारा दिवसांत मी माझ्या घरी जाईन. तुम्हाला तिच्याबरोबर एका छपराखाली राहायचंय. माझ्यावर रुसली तर फोनवर समजूत काढता येईल."

"माझी काळजी तुम्ही करू नका."

"करत नाही. शिवाय मला कंटाळा आला होता. रोज ऊन येईपर्यंत लघवीला थांबायचं म्हणजे काय थट्टा आहे?" असं म्हणून त्या हसल्या, आणि मीही हसले असते, पण तोंड मी घट्ट धरलं होतं. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला माझा हेवा वाटतो हे मला टॉवेलच्या दिवशीच कळलं. नवल वाटलं. माझी मुलगी बावीस वर्षं तुमच्या पायरीवर उभी राहते, कडक कपड्यांत. दरवर्षी त्या तारखेला मी घरी बसून म्हणते, आता फोटो झाला असेल. मला कोणी कधी या म्हटलं नाही."

"तो दुकानाचा फोटो असतो," मी म्हटलं.

"हो. असंच मीही स्वतःला सांगते."

कप घेऊन मी बाहेर आले. मला अजून त्या बाईचा राग येत होता, उलट आधीपेक्षा जास्त. तिने माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं आणि वर साखर विचारली. आता त्या बाबतीतही ती माझ्या पुढे.

चौथ्या दिवशी नात दुकानात आली. मी वाफेच्या इस्त्रीवर होते. ती काउंटरला टेकून त्या एकतीस फोटोंकडे बघत राहिली, बराच वेळ. मी ओळखलं. ती तशी बघत होती, कॅमेऱ्यामागून बघते तशी.

"आजी, माझी भिंत रिकामी आहे," ती म्हणाली. "शेवटचा फोटो नाही, तर त्या बेचाळिसांना शेवटच नाही. मी विचार करत होते. हे एकतीस एका ओळीत लावले तर? आणि शेवटी तू. एकटी. मोठी. इथे, या इस्त्रीजवळ. चालेल?"

चालेल का, म्हणे.

"आणि मऊआजी?" मी विचारलं.

"तिने स्वतःच नको म्हटलं ना. तिला वास जास्त महत्त्वाचा वाटला."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, दुकानात ऊन येतं तेव्हा, तिने काउंटरसमोर स्टँड लावला. मी ठेवणीतले कपडे काढले नव्हते, एवढं मला एव्हाना कळलं होतं. रोजचाच गाऊन, बाह्या वर केलेल्या, चाप लावून बांधलेले केस. वाफ येत होती. नात वाकली, डोळा लावला, आणि बघायला लागली.

पाच मिनिटं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. कोणी आपल्याकडे इतका वेळ बघत नाही. आई बघत असेल, ते आठवत नाही. नवऱ्याने बघितलं नाही, त्याला वेळ नव्हता, मलाही नव्हता. मला वाटलं आता बरं वाटेल. पण एकेक मिनिट गेलं तसं मला आत काहीतरी उकलत गेल्यासारखं झालं. ती माझ्या हातांकडे बघत होती. याच हातांनी मी सोडा लावला होता. आणि आत, भिंतीपलीकडे, ती बाई पलंगावर पडून होती आणि हिच्या तोंडून एक शब्द ऐकायची वाट बघत होती.

"मान अशीच ठेव," नात हळूच म्हणाली. "छान दिसतेयस, आजी."

"तिने सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

"चादर. तिने धुवायला सांगितली नव्हती. मी धुतली. तुम्ही गेल्या गेल्या."

नातीने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. इतका वेळ ऐकू येत नव्हता तो वाफेचा आवाज मला ऐकू यायला लागला.

"का?"

वास येत होता म्हणायची सोय होती. जखमेला बरं नाही म्हणायचीही. "बेचाळीस सकाळी तू तिच्याकडे बघितलंस," मी म्हटलं. "मोजल्यात मी. माझ्याकडे एकदाही नाही."

खटका वाजला नाही. तिने कॅमेरा काढला, स्टँड मिटवला आणि आत गेली. भिंतीतून मला विहीणबाईंचा आवाज आला, "अगं, पण खरंच वास येत होता," आणि मग पोरीचं रडणं, आणि मग दोघींचं हसणं. मी शर्ट ओढून घेतला आणि इस्त्री करत राहिले.

माझ्याशी ती अकरा दिवस बोलली नाही. जेवायला ये, दार लाव, एवढंच. माझा फोटो परत काढू का, असं तिने विचारलं नाही, आणि मी विचारायची बाई नाही. विहीणबाई वॉकर घेऊन आपल्या घरी गेल्या, तीन जिने, वीस मिनिटं. जाताना म्हणाल्या, "चादर सुरेख धुतली होतीत हो." मी म्हटलं, "माहीत आहे."

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. सगळ्यांचे कपडे मी स्वतः इस्त्री केले होते. पांढरी मोठी खोली, आणि नातीच्या भिंतीवर बेचाळीस फोटो, एका ओळीत. माझ्या दुकानातला एकही नाही.

मी ते पहिल्यांदा नीट बघितले. मला वाटलं होतं शोभा दिसेल. एका फोटोत, एकोणिसावा होता, मी नंबर बघितला, विहीणबाई कॅमेऱ्याकडे बघतायत. म्हणजे पोरीकडेच. जसं झोपेतून उठल्यावर आपल्या माणसाला बघतो तसं. माझ्या एकतीस फोटोंत कोणीही फोटो काढणाऱ्याकडे असं बघत नाही, सगळे माझ्या हुकमाकडे बघतात. फोटो चांगले होते. हे मी कोणापुढे म्हणणार नाही, इथे लिहिते.

विहीणबाईंना खुर्ची दिली होती आणि त्यांच्याभोवती माणसं जमली होती. बिस्किटं खात होत्या, दात घालून. कोणीतरी त्यांचा हात हातात घेतला होता. मी ओळीच्या शेवटाला उभी होते. बेचाळिसाव्यानंतर भिंतीवर एक मोठी जागा रिकामी होती, पलंगाएवढी, आणि वर एक खिळा. नातीने तिथे काही लावलं नव्हतं. ती दोन पावलांवर त्या मॅडमशी बोलत होती.

एक गृहस्थ ओळीतून बघत बघत माझ्यापर्यंत आले आणि त्या खिळ्यापुढे थांबले. मी घरचीच वाटले असेन. "इथला फोटो पडला का?" त्यांनी मला विचारलं.

नात बोलायची थांबली. वळली नाही, पण थांबली. हो पडला, असं म्हटलं असतं तर ते पुढे गेले असते.

"इथे एका चादरीचा फोटो यायचा होता," मी म्हटलं. "दीड महिना न धुतलेली चादर. ती मी धुऊन टाकली."

"अरेरे," ते म्हणाले. "चुकून?"

"छे," मी म्हटलं. "चुकून मी काही धूत नाही."